गाडीत कुत्रा नव्हता : हत्येच्या साक्षीदारावर किती भरवसा ठेवायचा?

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, दुपारचे साडेबारा. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी उघड्या मोटारीतून डीली प्लाझा नावाच्या चौकातून जात असताना गोळ्या सुटल्या. रस्त्याच्या कडेला, मोटारीपासून काही फुटांवर, लाल कोट घातलेल्या एक शिक्षिका गवतावर उभ्या होत्या. जीन हिल त्यांचं नाव. शेजारी त्यांची मैत्रीण मेरी मूरमन पोलरॉइड कॅमेरा घेऊन. त्याच दुपारी टीव्हीवाल्यांनी जीनबाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी दोघांच्या मध्ये असलेल्या एका छोट्या कुत्र्याकडे बघत होते.

गाडीत कुत्रा नव्हता. लाल गुलाबांचा गुच्छ होता, विमानतळावर जॅकलिन केनेडींना दिलेला.

या कुत्र्यावरून बाईंची भरपूर चेष्टा झाली. एक बाजू म्हणते, जिला फुलं आणि कुत्रा यांतला फरक कळला नाही तिचं काय ऐकायचं? दुसरी म्हणते, समोर माणूस मेलाय, कुत्र्याचं काय घेऊन बसलात? मला विचाराल तर जीनबाईंच्या सगळ्या साक्षीत तो कुत्राच सर्वांत कामाचा आहे. त्याच्याकडे वळायच्या आधी थोडी वाट वाकडी करतो.

साक्षीदार समोर आला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, हा खोटं बोलतोय का? प्रश्न साहजिक आहे, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. ठरवून थापा मारणारे असतात आणि ते कधी ना कधी उघडे पडतात. खरी पंचाईत प्रामाणिकपणे चुकणाऱ्यांची असते. आमच्या घरात एक काका पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायचे. १२ जुलै १९६१, लकडी पुलावर चढलेलं पाणी, वाहत आलेलं एक लाकडी कपाट आणि त्यावर अंग चोरून बसलेलं मांजर. ते मांजर आम्हा मुलांना पाठ होतं. एकदा आजी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अरे, तू तेव्हा साताऱ्याला मामाकडे होतास ना!” काका गप्प झाले. ते खोटं बोलत नव्हते. कुणीतरी सांगितलेलं त्यांनी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं की ते त्यांचंच होऊन गेलं होतं. डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. पाहिलेलं आणि मागाहून ऐकलेलं आठवणीत शेजारी शेजारी राहायला लागलं की ती चार बोटं कधी मिटतात, ते ज्याचं त्याला कळत नाही.

म्हणून माणसाला तपासण्याआधी वाक्याला तपासावं. हे वाक्य पहिल्यांदा कधी उच्चारलं गेलं? कुणासमोर? त्याआधी त्या माणसाच्या कानावर काय काय पडलं होतं? पोलीस पहिल्या जबानीला इतकं महत्त्व देतात ते उगाच नाही. ती अर्धवट असते, विस्कळीत असते, पण तिच्यावर इतरांचे हात फिरलेले नसतात.

आता जीनबाईंकडे परत. त्या दुपारी टीव्हीवर त्यांना विचारलं, गोळी झाडणारा दिसला का? उत्तर स्पष्ट होतं : नाही, फक्त आवाज ऐकला. मार्च १९६४ मध्ये, हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या वतीने आर्लेन स्पेक्टर या वकिलाने (हे पुढे सिनेटर झाले) त्यांची साक्ष घेतली. तेव्हा त्यांनी चार ते सहा गोळ्यांचे आवाज सांगितले, ते समोरच्या गवताळ टेकाडावरून आल्यासारखे वाटले म्हणाल्या, आणि नंतर तिकडे एक माणूस पळताना दिसला हेही सांगितलं. बंदूकधारी तेव्हाही नव्हता. तो अवतरला १९८०च्या दशकाच्या अखेरीला : टेकाडावरच्या लाकडी कुंपणामागून गोळी झाडणारा माणूस आपण पाहिला, धूरही पाहिला, असं त्या सांगू लागल्या. १९९२ मध्ये पुस्तक आलं. तोवर टेकाडावरचा बंदूकधारी अमेरिकेत घरोघरी पोचलेला होता. (आयोगाच्या मते गोळ्या चौकातल्या पुस्तकांच्या गोदामातून एकट्या ली हार्वे ऑस्वाल्डने झाडल्या. टेकाडावरही कुणी असेल तर तो कट ठरतो.)

दोन विधानांच्या मध्ये साधारण पंचवीस वर्षं आहेत. आवाज टेकाडावरून आला, हे त्यांचं म्हणणं जुनं आहे, ते विचारात घ्यावंच लागतं. बंदूकधारी दिसला, हे नवं आहे आणि त्यांच्याच जुन्या शब्दांच्या विरोधात जातं. एकाच बाईचं एक विधान ठेवायचं आणि दुसरं बाजूला काढायचं, यात काही अन्याय नाही. तांदळातून खडे काढताना आपण सगळं सूप उकिरड्यावर ओतत नाही.

आणि कुत्रा? पढवलेल्या साक्षीत असा कुत्रा येत नाही. तो आहे म्हणजेच त्या दुपारचं बोलणं कच्चं होतं, मनात आलं तसं बाहेर पडलेलं. बाई बिचकून काही दाबत नव्हत्या. उलट नसलेल्या गोष्टीही सांगत होत्या. मग त्याच श्वासात ‘मारेकरी दिसला नाही’ असं त्या म्हणतात, तेव्हा त्या नकाराला वजन येतं. कुंपणामागे माणूस दिसला असता तर कुत्रा सांगणाऱ्या बाईंनी तो सांगितला नसता, हे मला पटत नाही.

जीनबाईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वादातीत आहे. त्या तिथे होत्या. एब्राहम झॅप्रूडर या कपड्यांच्या व्यापाऱ्याने घरगुती कॅमेऱ्याने घेतलेली सव्वीसेक सेकंदांची चित्रफीत आहे, ४८६ चौकटींची. तिच्यात लाल कोट दिसतो. (अध्यक्षांना हाक मारण्यासाठी आपण पुढे झेपावलो, असं त्या सांगत. चित्रफितीत त्या गवतावर जागच्या जागी उभ्या आहेत.) सगळ्याच साक्षीदारांचं असं नसतं. ‘मी तिथे होतो’ हे वाक्य आपण ऐकता ऐकता मान्य करून टाकतो, आणि तिथेच बरेचदा फसतो.

त्या दिवसाच्या छायाचित्रांत डोक्याला रुमाल बांधलेली, हातात कॅमेरा असलेली एक बाई दिसते. ती कोण, हे कधीच ठरलं नाही. रशियन आजीबाईंसारखा रुमाल म्हणून तिला ‘बाबुश्का लेडी’ म्हणतात. १९७० मध्ये डॅलसच्या एका नाइटक्लबात गाणारी स्त्री पुढे आली : ती बाई म्हणजे मी, आणि माझी फिल्म सरकारी माणसांनी नेली ती परत आली नाही. कॅमेरा कोणता होता? याशिकाचा सुपर एट. आता सुपर एट हा फिल्मचा प्रकारच कोडॅकने १९६५ मध्ये बाजारात आणला. यावर खुलासा असा आला की तो बाजारात येण्याआधीचा नमुना होता, मित्राने दिलेला. शिवाय १९६३ मध्ये ही स्त्री १७ वर्षांची होती आणि छायाचित्रातली बाई चांगली थोराड दिसते.

अशा कहाण्यांत कॅमेऱ्यासारख्या क्षुल्लक गोष्टींवर नजर ठेवावी. मोठी विधानं तपासता येत नाहीत. ‘मी मारेकऱ्याला पाहिलं’ हे खोडायचं कसं? पण वस्तूला जन्मतारीख असते. कॅमेरा, बसचा मार्ग, नोटेचा रंग, तेव्हा नसलेला पूल. कहाणी रचणारा मोठ्या गोष्टींची काळजी घेतो आणि किरकोळ तपशील आजच्या जगातून उचलतो.

१९७८ मध्ये आणखी एक साक्षीदार वर्तमानपत्रातून पुढे आला. गॉर्डन आर्नल्ड. सांगणं असं की तो तेव्हा तरुण सैनिक होता, टेकाडावर उभा राहून फिल्म घेत होता, गोळी कानाजवळून गेली, तो आडवा झाला आणि पोलिसाच्या वेशातल्या माणसाने त्याची फिल्म काढून घेतली. अध्यक्षांच्या मागच्या गाड्यांतले सिनेटर राल्फ यारबरो नंतर म्हणाले की एक माणूस झटकन जमिनीवर पडल्याचं आपल्याला आठवतं. त्या दिवशी गवतावर आडवे झालेले बरेच होते. आर्नल्डच्या बाजूने मेरी मूरमनच्या पोलरॉइडचाही दाखला देतात : त्यातला एक इवलासा तुकडा प्रचंड मोठा केला की कुंपणाजवळ सैनिकासारखा आकार दिसतो म्हणे. दिसतोच. पण सैनिक शोधायचा आहे हे आधी ठाऊक असल्यावर दिसतो. फोटो साक्षीदाराला टेकू देतोय की साक्षीदार फोटोला, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

दोन्ही कहाण्यांत पुरावा होता, आणि तो ‘त्यांनी’ नेला. असं खरंच घडूही शकतं. सरकारं कागद गडप करतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी पुरावा नसणं हाच कटाचा पुरावा ठरायला लागला की त्या साक्षीदाराला कुणीच कधी खोटं ठरवू शकत नाही. मग तो खरा ठरण्याचीही सोय उरत नाही.

आवाजांचं शास्त्र वेगळंच आहे, आणि कटाच्या निम्म्या गोष्टी आवाजावर उभ्या असल्यामुळे जरा थांबून बघायला हवं. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. त्यामुळे ती जवळून जाते तेव्हा हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाड आवाज होतो, आणि बंदुकीच्या नळीचा बार त्यानंतर पोचतो. एका गोळीचे दोन आवाज. त्यात डीली प्लाझाच्या एका अंगाला उंच इमारती. तिथून घुमून आलेला तिसरा. शिवाय पहिला कडाड आवाज गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीच्या दिशेने नाही. दिवाळीत दोन उंच इमारतींच्या मध्ये सुतळी बॉम्ब फुटला की कुठल्या बाजूला फुटला हे गॅलरीतून सांगून बघा.

१९७०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकी लोकप्रतिनिधिगृहाच्या समितीने १७८ जणांच्या जबान्या एकत्र केल्या. गोळ्या पुस्तकांच्या गोदामातून आल्या म्हणणारे ४९, टेकाडावरून म्हणणारे २१, आणखी कुठून तरी म्हणणारे ३०. सांगता येत नाही, असं ७८ जणांनी कबूल केलं. मला हे ७८ लोक फार आवडतात. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही.

आता कुणी म्हणेल, तुम्ही कटवाल्यांचेच साक्षीदार सोलताय. रास्त आहे. म्हणून सरकारी बाजूचा बिनीचा साक्षीदार घेऊ. हॉवर्ड ब्रेनन गोदामासमोरच्या कठड्यावर बसले होते. सहाव्या मजल्याच्या खिडकीत बंदूकधारी दिसला, असं त्यांनी लगेच पोलिसांना सांगितलं. (अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तेव्हा आपल्या हिशेबाने पाचवा.) त्याच दिवशीची त्यांची लेखी जबानी आहे. खिडकीबद्दलच्या त्यांच्या सांगण्याला इतरांचा आधारही आहे : एका वृत्तछायाचित्रकाराला तिथे रायफल दिसली, खालच्या मजल्यावरच्या कामगाराने वर काडतुसं पडल्याचा आवाज ऐकला, आणि त्या मजल्यावर रायफल व तीन रिकामी काडतुसं सापडली.

पण त्याच संध्याकाळी ओळखपरेडीत ब्रेनन यांनी ली हार्वे ऑस्वाल्डला खात्रीने ओळखलं नाही. ‘ओळखू शकलो असतो, पण कुटुंबाच्या जिवाची भीती वाटली,’ हे मागाहून आलं. बंदूकधारी उभा होता असंही ते म्हणाले. खिडकी खालून अर्धवटच उघडी असल्याने उभ्याने गोळी झाडणं काचेमुळे जमलं नसतं. म्हणजे जीनबाईंना लावलेला नियम इथेही तसाच लागतो. खिडकी पक्की, चेहरा कच्चा. वॉरन आयोगाने त्यांच्या ओळखण्याला जितकं डोक्यावर घेतलं तितकं घ्यायला नको होतं, असं माझं मत आहे. आयोगाचा निष्कर्ष त्याशिवायही उभा राहतो, कारण तो रायफल, ठसे आणि काडतुसांवर उभा आहे.

आठवण आपोआप बदलते हे एक. ती बदलवताही येते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा किती होता? आठवड्याने दोघांनाही एकच प्रश्न : फुटलेली काच दिसली का? ‘लागल्या’वाल्या ५० पैकी ७ जणांना दिसली होती, ‘आदळल्या’वाल्या ५० पैकी १६ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने एवढं केलं.

मग न्यू ऑर्लीन्समध्ये १९६७ साली काय झालं ते बघा. केनेडी खुनाच्या कटाबद्दल खटला चाललेला आजवरचा एकच माणूस म्हणजे तिथला व्यापारी क्ले शॉ, आणि सरकारी वकील जिम गॅरिसन यांचा मुख्य साक्षीदार होता पेरी रूसो. रूसोच्या पहिल्या मुलाखतीच्या लांबलचक टिपणात, ज्या बैठकीत कट शिजला म्हणतात, तिचा उल्लेखच नाही. त्याने तोंडी सांगितलं होतं, लिहायचं राहून गेलं, असा खुलासा नंतर झाला. खुनाची बैठक लिहायची राहून गेली! पुढे त्याला सोडियम पेंटोथॉल दिलं, संमोहित केलं. संमोहनात डॉक्टरने त्याला डोळ्यांसमोर टीव्हीचा पडदा आणायला सांगितलं आणि त्यावर कोण कोण दिसेल, ते कुणाला तरी मारण्याविषयी बोलत असतील, हेही आधीच सांगून टाकलं. मग विचारलं, काय दिसतं?

सोडियम पेंटोथॉल म्हणजे आपल्याकडच्या नार्को चाचणीतलंच औषध. त्याने माणूस खरं बोलतो हा गैरसमज आपल्याकडे वाहिन्यांनी भरपूर पोसला. त्याने माणूस सैल बोलतो, एवढंच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीवाचून नार्को करायला मनाई केली, ती बरी झाली.

शॉ खटल्यात आणखी एक साक्षीदार होता, न्यूयॉर्कचा हिशेबनीस. सरतपासणीत त्याने शॉच्या तोंडून कट ऐकल्याचं छान सांगितलं. उलटतपासणीत बाहेर आलं की अनेक अनोळखी लोक आपल्याला आपल्या इच्छेविरुद्ध संमोहित करतात असं त्याला वाटत होतं, आणि कॉलेजला गेलेली मुलगी परत आली तेव्हा ती तीच आहे ना, हे बघायला तो तिच्या बोटांचे ठसे घेत असे. १ मार्च १९६९ रोजी ज्युरीने तासाभराच्या आत शॉला निर्दोष सोडलं. उलटतपासणी नसती तर आज हा हिशेबनीस ‘दडपलेला साक्षीदार’ म्हणून फिरत असता.

साक्षीदार विश्वासू वाटला तरी काम संपत नाही. याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चोख उदाहरण आपल्याच भागातल्या माणसांचं आहे. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे त्याची कसून उलटतपासणी झाली आणि न्यायाधीशांनी त्याला एकंदरीत खरं बोलणारा साक्षीदार मानलं. तरीही सावरकरांविरुद्ध त्याने जे सांगितलं त्याला स्वतंत्र दुजोरा नाही, एवढ्यावर फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांना निर्दोष सोडण्यात आलं. त्या निकालावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. पण न्यायाधीशांनी ‘माणूस खरा वाटतो’ आणि ‘त्याचं हे म्हणणं सिद्ध झालं’ हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळले.

हे सगळं जुन्या काळाचं वाटत असेल तर अगदी अलीकडचा साक्षीदार घ्या. २०२३ मध्ये पॉल लँडिस, वय ८८, पुस्तक घेऊन पुढे आले. हे केनेडींच्या पत्नीचे अंगरक्षक. त्या दिवशी अध्यक्षांच्या मागच्याच गाडीच्या पायरीवर उभे होते. ते तिथे होते यात तिळमात्र शंका नाही. आयुष्यभर गाजावाजा न करता राहिलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की इस्पितळात पोचल्यावर अध्यक्षांच्या मोटारीत, मागच्या सीटच्या वरच्या कडेला, एक अखंड गोळी पडलेली दिसली. ती कुणी पळवेल म्हणून त्यांनी खिशात टाकली आणि आत जाऊन केनेडींच्या स्ट्रेचरवर ठेवली.

हे खरं असेल तर प्रकरण गंभीर आहे. इस्पितळात स्ट्रेचरवर सापडलेली गोळी केनेडींच्या पाठीतून आणि मग गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या शरीरातून गेली, असं वॉरन आयोगाने मानलं. ती कॉनलींच्या स्ट्रेचरवरून पडली असावी असा तर्क होता. ती मोटारीतच पडली होती म्हटलं की एका गोळीने दोघांना जखमा झाल्या हा हिशेब डळमळतो, आणि एका बंदूकधाऱ्याला तेवढ्या वेळात तेवढ्या गोळ्या झाडता आल्या असत्या का, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

लँडिस साठ वर्षं गप्प का राहिले? धक्का, झोप नाही, आणि या विषयावरचं वाचणंच टाळलं, असं ते सांगतात. मला ते बनावट वाटत नाही. पण नोव्हेंबर १९६३ मध्ये, घटनेनंतर आठवडाभरात, त्यांनी दोन लेखी अहवाल दिले होते. गोळी उचलल्याचा उल्लेख एकातही नाही. केनेडींना ठेवलं होतं त्या खोलीत आपण गेलो, असंही त्यांत नाही. त्यांना गोळी ठेवताना पाहिलेला कुणी पुढे आलेला नाही. आणि झाडलेल्या गोळ्यांचे आवाज? अहवालांत दोन ऐकल्याचं आहे. पुस्तक आलं तेव्हा ते तीन सांगत होते.